डाग वरच्या बाजूला

टेपचं टोक सापडत नाही, इथून माझी दुपार सुरू होते. दोन इंची ब्राऊन टेपचं रीळ हातात फिरवत नखाने चाचपत बसायचं. सापडलं तरी ते अर्धंच निघतं आणि निमुळतं होत होत तुटतं. आता टेप कापली की टोकाखाली काडेपेटीतली अर्धी काडी चिकटवून ठेवते. जुने कपडे ऑनलाइन विकून पोस्टाने पाठवायला लागल्याला तीन वर्षं झाली. एवढ्या काळात शिकलेल्या गोष्टींतली ही सगळ्यात स्वस्तातली.

आम्ही सांगलीत, गावभागात राहतो. पूर्वी मी घरीच साड्यांना फॉल-पिको करून द्यायचे, लग्नसराईत अजूनही करते. एका दिवाळीला पुण्याच्या वन्संनी कपाट रिकामं केलं आणि दोन मोठ्या पिशव्या आमच्याकडे आल्या. ऑफिसचे कुर्ते, एकदाच नेसलेल्या साड्या, लेकीचे आखूड झालेले फ्रॉक. "कुणाला तरी देऊन टाका," म्हणाल्या. आमची पुतणी तेव्हा बारावीत होती. तिने त्यातले सहा कुर्ते खिडकीच्या गजाला हँगरने अडकवले, फोटो काढले आणि इन्स्टाग्रामवर टाकले. तीन दिवसांत सहाही गेले. पहिला नाशिकला गेला, दीडशे रुपयांना. मग वन्संच्या मैत्रिणी, त्या मैत्रिणींच्या जावा, असं करत माल येत राहिला. पुतणी आता पुण्यात शिकते. फोटो चढवणं, लोकांशी बोलणं, यूपीआयवर पैसे आले का बघणं हे ती तिकडून करते. कपडा धुणं, मोजणं, बांधणं आणि पोस्टात रांगेत उभं राहणं माझ्याकडे.

सासूबाईंना हे पहिल्यापासून पटलेलं नाही. "लोकांची उतरलेली कापडं पैसे देऊन कोण घेतंय गं? आमच्याकडं भांडीवाली यायची. चार साड्या दिल्या की एक पातेलं, तेसुद्धा तासभर घासाघीस करून." त्यांच्या हिशेबात जुन्या कपड्याला दोनच वाटा: भांडीवाली नाहीतर वाकळ. त्या अजून हाताने वाकळ शिवतात, वर्षाला एखादी. त्यामुळे पिशवी आली की आधी त्या चाळतात, मऊ झालेली सुती साडी बोटांत चुरून बघतात आणि बाजूला सारतात. मी ती परत ढिगात घालते. हे आमचं मुकाट्याने चालतं.

बांधाबांध म्हटलं की लोकांना पिशवी आणि टेप दिसते. खरं काम त्याच्या आधीचं असतं. नवा कपडा कंपनीच्या घडीत येतो, त्याला ना वास ना इतिहास. जुन्याला दोन्ही असतं. काखेतला पिवळेपणा निघत नाही, तसला कपडा मी घेतच नाही. आतले कपडे, मोजे, रुमाल यांना तर हातही लावत नाही. बाकी गोळे आलेले असले तर जुन्या रेझरने हलक्या हाताने काढते, सुटलेली शिवण घालते, बटण तुटलं असेल तर जोडीचं शोधते. रेशमी साडी असली की ती उलगडून खिडकीसमोर उजेडात धरायची. रेशीम घडीवर आधी मरतं. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेल्या साडीला त्या रेघेवर सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात. असे ठिपके दिसले की ती साडी नेसायची म्हणून विकायची नाही. उश्यांचे अभ्रे, पडदे, लहान मुलीचं परकर-पोलकं शिवायला म्हणून विकायची आणि तसं स्पष्ट लिहायचं.

हळदीचा डाग हा आमच्या गावाचाच म्हणायचा. इथल्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय मानांकनही मिळालं. मला मात्र हळद ओळखीची आहे ती कपड्यांवरून. एकदा एका पांढऱ्या सुती कुर्त्याच्या बाहीवर बोटभर पिवळा डाग होता. मी साबण लावला आणि तो डोळ्यांदेखत कुंकवासारखा लाल झाला. मला वाटलं, गेला कुर्ता. सासूबाई हसल्या. "साबण लागला की हळद लाल होतीच. लिंबू पिळ, पुन्हा पिवळी होईल. आणि उन्हात टाक की, तिथंच जाईल ती." लिंबू पिळून बघितलं, खरंच पिवळी झाली. मग धुऊन, ओला असतानाच कुर्ता गच्चीवर डाग वर करून टाकला. पहिल्या दिवशी फिका, दुसऱ्या दिवशी आहे की नाही असा, तिसऱ्या दिवशी मलाच शोधावा लागला. हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही. तेलकट भाजीचा डाग असा जात नाही, चहाचा तर नाहीच.

वासाचं प्रकरण डागापेक्षा अवघड, कारण वास फोटोत येत नाही. कुणाच्या कपाटातून डांबरगोळ्यांचा वास येतो, कुणाच्या घरातून उदबत्तीचा, कुणाच्या कपड्यांना फोडणीचा. सुरुवातीला मी धुतल्यावर वरून थोडं अत्तर शिंपडायचे. ठाण्याच्या एका बाईंनी कळवलं की पाकीट उघडल्यापासून शिंका थांबत नाहीत. तेव्हापासून कसलाही सुवास घालत नाही. धुवायचं, सावलीत वाऱ्यावर टाकायचं, वास गेला नाही तर आणखी दोन दिवस ठेवायचं. डांबरगोळीचा वास चार-पाच दिवस खातो. जरीच्या साडीजवळ तर त्या गोळ्या फिरकूही देऊ नयेत, जर काळी पडते.

कुबट वास मात्र मला दारातूनच कळतो, कारण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तो घरभर भोगलाय. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आमच्या खालच्या खोलीत पाणी किती दिवस होतं हे आता आठवत नाही, पण ओसरल्यावर लाकडी कपाटाचं दार उघडलं तेव्हा जो भपकारा आला तो आठवतो. तेव्हा जे कपडे वाचले ते तीन-तीन वेळा धुतले, तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच वास डोकं वर काढायचा. ओल कपड्यात नाही, शिवणीत बसते. म्हणून आता कपडा वाळला की नाही हे हाताने बघत नाही. खिशाची टोकं, कमरेची पट्टी, कॉलरचा जाड भाग गालाला लावून बघते. गार लागलं म्हणजे ओल आहे.

एवढं कळत असूनही फसले ते इस्त्रीमुळे. जुलैत एक जीन्स नागपूरला जायची होती, पोस्टाची वेळ होत आली होती. इस्त्री केली, गरम गरम घडी घातली आणि पिशवीत सारून तोंड बंद केलं. कपडा गरम, बाहेरची हवा दमट, आतल्या प्लास्टिकला घाम सुटला असणार. सहा दिवसांनी निरोप आला, "धुतलेली नाही का?" धुतली होती, दोनदा. सिद्ध कसं करणार? पैसे परत दिले, जीन्सही त्यांच्याकडेच ठेवा म्हटलं. तेव्हापासून इस्त्रीनंतर कपडा किमान दोन तास हँगरवर लटकतो, पोस्टाची वेळ गेली तर गेली.

आता घडीचं. यावरच मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

घडी घालणं मी दुकानांत बघून शिकलेली. दुकानदार घडी घालतो ती वस्तू सगळ्यात चांगली दिसावी म्हणून. कॉलर वर, नक्षी मधोमध, जे काही उणं असेल ते आतल्या पदरात. मीही तेच करायचे. एका साय रंगाच्या कुर्त्याच्या घेराजवळ चहाचा मसुरीएवढा डाग होता. फोटोत दाखवला होता, पुतणीने लिहिलंही होतं. मी घडी घातली तेव्हा तो आपोआप आत गेला. आपोआप कसला, माझ्या हातांनीच तो आत घातला. घेणाऱ्या बाईंनी जे लिहिलं ते पुतणीने मला वाचून दाखवलं. "डाग सांगितला होता हे मान्य. पण पाकीट उघडलं तेव्हा कुर्ता इतका छान दिसला की मी विसरूनच गेले होते. मग उलगडताना सापडला आणि फसवल्यासारखं वाटलं." पैसे परत मागितले नव्हते. नुसतं सांगितलं होतं.

मला राग आला आधी. सांगितलं होतं, दाखवलं होतं, आणखी काय करायचं? दोन दिवस मनात तेच घोळत होतं. मग एका साडीची घडी घालताना हात थांबला. त्या साडीला पदराजवळ रफू होतं. मी घडी उलटी घातली, रफू वर आलं. दिसायला वाईट दिसत होतं, उघडताच पहिली नजर तिथेच जाणार. तशीच पाठवली. त्यावर एक चिठ्ठी ठेवली: "हे ते रफू. बाकी साडी धड आहे." तिकडून उत्तर आलं, "एवढंच?"

तेव्हापासून माझी घडी उलटी आहे. जे काही उणं आहे ते वरच्या पदरात येईल अशी घालायची. डाग बारीक असेल तर त्याच्या भोवती लाल दोऱ्याने कच्चा टाका घालते, गोल, सैल, एका टोकाला ओढलं की सळकन निघणारा. फॉल लावणाऱ्या बाईला कच्चा टाका घालायला काय लागतंय, अर्ध्या मिनिटाचं काम. पुतणी सुरुवातीला वैतागली. "काकू, लोक उघडताना व्हिडिओ काढतात. पहिल्यांदा डागच दिसणार का त्यांना?" हो, डागच. तो बघून झाला की बाकीचा कपडा बघताना माणूस काही शोधत नाही.

सगळ्यांना हे आवडतं असं नाही. कोल्हापूरच्या एका मुलीने लिहिलं, "तुम्ही दोरा घातला नसता तर मला तो डाग दिसलाच नसता. आता मला तेवढाच दिसतो." तिचंही खरं आहे. तिला काय उत्तर द्यावं हे मला अजून सुचलेलं नाही.

या घडीला एक दुसराही नियम जोडावा लागला, तोही ठेच लागूनच. हैदराबादला एक नारायणपेठ साडी पाठवली. घेणारीने पाकीट ब्लेडने उघडलं आणि टेपच्या खाली थेट साडीची कड होती. वीतभर चिरली. चूक कुणाची? ब्लेड तिचं, बांधणी माझी. निम्मे पैसे परत दिले. आता पाकिटाच्या तोंडाकडच्या बाजूला शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा कापून घालते, ब्लेड आलंच तर पुठ्ठ्यावर थांबेल. बाहेरून स्केचपेनने बाण काढून "इकडून उघडा" असंही लिहिते. ब्लाउज आणि साडी एकत्र जात असेल तर ब्लाउजचे सगळे हुक लावायचे आणि ब्लाउज वेगळ्या कागदात गुंडाळायचा. एक उघडा हुक रेशमातून फिरला की धागा असा ओढला जातो की रफूवालाही हात जोडतो. त्या कामाला वर्तमानपत्राचा कागद चालत नाही, शाई उतरते. फिक्या कपड्यावर उलटी अक्षरं उमटतात. एकदा एका फ्रॉकच्या पाठीवर अर्धी जाहिरात उमटली होती, पुन्हा धुवावा लागला.

बाहेरच्या पिशवीचे प्रयोग फार झाले. महाराष्ट्रात २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून आमच्या घरात प्लास्टिकबद्दल एक अपराधी भावना आहे. त्यात जुने कपडे घेणाऱ्यांत "प्लास्टिक नको" म्हणणाऱ्या बऱ्याच. म्हणून पहिली काही पाकिटं खाकी कागदात, सुतळीने बांधून पाठवली. फोटोत फार देखणी दिसायची. उन्हाळ्यात पोचलीही नीट. जूनच्या पहिल्या पावसात एक पाकीट कोपऱ्यातून फाटून, आतली कुर्ती अर्धी बाहेर आलेल्या अवस्थेत पोचलं. आता पावसाळ्यात कुरिअरची जाड पिशवीच, पण जुनी. शेजाऱ्यांकडे, वन्संकडे आलेल्या पिशव्या गोळा करते, उलट्या करते, आतली काळी बाजू बाहेर येते आणि कडा टेपने शिवून घेते. एक काळजी घ्यायची. उलटी न करता तशीच वापरली तर जुना बारकोड खरवडून काढायचा, नुसती काट मारून भागत नाही. एकदा राहिला आणि त्या कुरिअरवाल्याच्या यंत्राने माझा नवा पत्ता सोडून जुना बारकोड वाचला. पाकीट आठवडाभर दोन शहरांच्या मध्ये फिरत होतं.

सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी पार्सल म्हणजे मांजरपाटात शिवायचं. त्यांचे भाऊ मुंबईला होते, त्यांना दिवाळीचा फराळ पोस्टाने जायचा. डबा, त्यावर मांजरपाट, दाभणाने घातलेले टाके, शिवणीवर लाख ओतून ठसा, पत्ता थेट कापडावर शाईने. दाभण अजून आहे त्यांच्याकडे, वाकळेच्या जाड कडेला लागतं. एकदा एक जड नऊवारी केरळला जायची होती, तेव्हा मी हौसेने तसं शिवून बघितलं. देखणं झालं, पण पाऊण तास गेला. रोज आठ पाकिटं करायची असतात त्या माणसाने हा नाद करू नये.

मग काटा. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी साखर आणि कणीक मोजली जायची, आता साड्या मोजल्या जातात. स्पीड पोस्टाला ५०० ग्रॅमची रेघ महत्त्वाची. ती ओलांडली की पुढच्या ५०० चे पैसे लागतात, मग ५०१ असो की ९९०. वर अठरा टक्के जीएसटी. चारशे रुपयांच्या साडीत हा फरक माझ्या कमाईतून जातो. कुर्ती सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, तिची काळजी नाही. जीन्स सहाशेच्या वर, तिथे आशाच नाही. भांडण होतं ते सुती साडीशी. ती नेमकी पावणेपाचशेच्या आसपास असते आणि पुठ्ठा, आतली पिशवी, बाहेरची पिशवी, टेप मिळून वीस-पंचवीस ग्रॅम होतात. एकदा मे महिन्यात एक साडी मोजून ठेवली, ४७२. गिऱ्हाईक मिळालं जुलैत. पोस्टात नेली तर काट्यावर पाकीट ५१८. मी काउंटरवर वाद घालायला लागले की तुमचा काटा चुकतोय. घरी येऊन पाकीट उघडलं, नुसती साडी मोजली, ४९५. साडी तीच. सुती कापड हवेतली ओल ओढून घेतं, हाताला कोरडं लागत असतानाही. दुसऱ्या दिवशी जाऊन काउंटरवरच्या साहेबांची माफी मागितली. ते म्हणाले, "पावसाळ्यात सगळंच जड होतंय वहिनी."

कुरिअरचा हिशेब वेगळाच. तिथे वजन हलकं असून चालत नाही, आकारही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, गुणायची आणि आमच्या कुरिअरवाल्याच्या हिशेबाने ५००० ने भागायची. जे येईल ते किलो. आणि खरं वजन व हे वजन यातलं जास्त असेल ते धरायचं. एक आठशे ग्रॅमचं फुगीर जाकीट होतं. ३५ बाय ३० बाय १५ चं पाकीट झालं, म्हणजे सव्वातीन किलोच्या जवळपास. मी पाकीट परत घरी आणलं, जाकिटाची गुंडाळी केली, त्यावर गुडघा देऊन हवा काढली आणि सुतळीने आवळलं. उंची सहावर आली, वजन सव्वा किलो. या कामाला आमचे हे उपयोगी पडतात, त्यांचा गुडघा माझ्यापेक्षा वजनदार आहे.

पत्त्याला मी कधी कमी लेखत नाही. नाव, घर, खूण, गाव, पिन, मोबाइल, सगळं घेणाऱ्याकडून लिहून मागवते आणि स्वतः पुन्हा वाचते. तरी आमचीच फजिती झाली ती परतीच्या पत्त्यात. पुतणीने दोनशे स्टिकर छापून पाठवले, आमचं नाव, गावभाग, सांगली ४६१४१६. मी आठवडाभर चिकटवत होते. पोस्टातल्या त्याच साहेबांनी एक दिवस पाकीट वर धरलं. "वहिनी, सांगली मध्य प्रदेशात कधी गेली?" आमचा पिन ४१६४१६. पहिला आकडा चार म्हणजे महाराष्ट्र आणि शेजारची राज्यं, पण ४६ ने सुरू झाला की तो मध्य प्रदेशात जातो. रांगेत मागे माणसं उभी असताना त्यांनी मला हेही ऐकवलं की हा पिन आखला तो आपल्या मराठी माणसाने, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, १५ ऑगस्ट १९७२ पासून, आणि ते संस्कृतचे मोठे पंडित होते. मागचा एक जण म्हणाला, "साहेब, संस्कृत नंतर, माझी पावती द्या." उरलेल्या स्टिकरांवर मी पेनने आकडे दुरुस्त केले. दीडशे स्टिकर वाया घालवायला जीव होत नव्हता.

काउंटरवर विचारतात, "आत काय आहे?" पहिल्या वर्षी मी "कपडे" म्हणायचे, जरा घाईने. रांगेत ओळखीचं कुणी असलं तर आणखी घाईने. आता "जुने कपडे" म्हणते. एकदा मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी वळून विचारलं, "म्हणजे कुणाचे?" मी म्हटलं, "आता त्यांचे," आणि पत्त्यावर बोट ठेवलं. घरी येईपर्यंत माझ्या उत्तरावर मीच खूश होते. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं, त्यामुळे आता "कसं पाठवायचं" हा प्रश्नही उरला नाही. पावतीवर तेरा अक्षरांचा नंबर येतो, शेवटी इंग्रजी आय आणि एन. तो पुतणीला पाठवला की माझी दुपार संपते.

गेल्या पावसाळ्यात एक पाकीट परत आलं. कोलकात्याला गेलेली पोपटी सुती साडी, काठाजवळ गंजाचा बोटाएवढा डाग असलेली. घेणारीने मधल्या काळात घर बदललं होतं, फोन उचलला नाही, मग लिहिलं की नकोच आता. जाऊन-येऊन एकोणीस दिवस ते पाकीट बाहेर होतं. मी स्वतः बांधलेलं पाकीट स्वतः उघडायची ही पहिलीच वेळ. टेबलावर ठेवलं आणि गिऱ्हाइकासारखी बसले. बाणाकडून उघडायला गेले तर टेपचं टोक सापडेना. पाच मिनिटं नखाने कुरतडत होते. रिळावर काडी चिकटवण्याची युक्ती तीन वर्षं वापरली, पण पाकिटावरच्या टेपचं टोक दुमडून ठेवावं, उघडणाऱ्याला धरायला मिळावं, हे एकदाही सुचलं नव्हतं. शेवटी सुरी आणली. पुठ्ठ्यावर खरखरली, साडी वाचली. आत ओल नव्हती, वास नव्हता. पुठ्ठ्याच्या कोपऱ्याने एका निरीवर रेघ पाडली होती, ती इस्त्रीने जाईल. वरच लाल दोऱ्याचा गोल आणि माझ्या अक्षरातली चिठ्ठी. ती वाचताना उगाचच कुणीतरी मला खडसावून सांगतंय असं वाटलं. "डाग इथे आहे." आता "इथे एक डाग आहे, बघून घ्या" असं लिहिते.

सासूबाई टेबलाशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी साडीचा पदर उचलला, बोटांत चुरला.

"ही मी मेमध्येच बाजूला काढली होती," त्या म्हणाल्या. "तूच परत ढिगात घातलीस."

"हो."

"हिंडून आली तेवढी. आता कुठं पाठवू नकोस." त्यांनी लाल दोऱ्याचं टोक धरून ओढलं, तो सळकन निघाला. साडी खांद्यावर टाकली आणि वाकळेच्या गाठोड्याकडे निघाल्या. दारात थांबून डागावर अंगठा फिरवला.

"आणि हा," त्या म्हणाल्या, "मी आतल्या पदरात घालणार बघ."